भुताचे मागणे
(प्रस्तावना)

रोलप्लेइंग गेम खेळणाऱ्या मराठी मुलामुलींना ड्रॅगन माहीत असतो, गॉब्लिन माहीत असतो, घुबडाचे तोंड आणि अस्वलाचे धड असलेला औलबेअरही माहीत असतो. गिऱ्हा माहीत नसतो. वसईतल्या निर्मळसारख्या गावात, वाडीतल्या बावखल नावाच्या तळ्यापासून हाकेच्या अंतरावर टेबल मांडलेले असले, तरी खेळातले पात्र पाण्याशी गेले की बाहेर येते ते परदेशी पुस्तकातलेच काहीतरी. हे पुस्तक गिऱ्ह्यासाठी आहे. जखीण, देवचार, चेडा, चकवा, झोटिंग, आसरा या मंडळींसाठीही आहे. त्यांची नावे आजीच्या पिढीला तोंडपाठ होती. आपल्या खेळात मात्र त्यांना अजून जागा मिळालेली नाही.

ती आपली आहेत म्हणून घ्या, असा माझा आग्रह नाही. केवळ अभिमानापोटी टेबलावर आणलेले भूत दुसऱ्याच डावात कंटाळवाणे होते. माझे म्हणणे असे की मराठी मुलखातले जवळजवळ प्रत्येक भूत काहीतरी मागत असते. कुणाचे लग्न राहिलेले असते, कुणाचा वाटा बुडालेला असतो, कुणाच्या वाट्याचा नारळ यंदा दिलेला नसतो. ज्याला काही हवे आहे आणि ते मिळत नाही, त्याच्याभोवती गोष्ट आपोआप उभी राहते. सूत्रधाराला याहून जास्त काय हवे?

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चार-पाच जण एका टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक गेम मास्टर, म्हणजे सूत्रधार. तो प्रसंग सांगतो, गावे उभी करतो, भेटणाऱ्या माणसांच्या तोंडून बोलतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि ते पात्र काय करते ते सांगतात. निकाल अनिश्चित असेल तिथे फासा टाकतात. बहुतेक वेळा वीस बाजूंचा. जिंकणे-हरणे नसते; सगळ्यांनी मिळून एक गोष्ट जगायची असते. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी १९७४ मध्ये अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' प्रसिद्ध केला आणि या प्रकाराला रूप आले. प्रत्येक डावाच्या सुरुवातीला एक अडचण सोडवावी लागते: ही पात्रे घराबाहेर का पडतील? त्यांना बाहेर खेचणाऱ्या गोष्टीला खेळाडू 'हुक' म्हणतात. या पुस्तकात आहेत ते असे हुक.

या खेळाचा पहिला मोठा राक्षसकोश, 'मॉन्स्टर मॅन्युअल', १९७७ साली आला. त्याची मांडणी पुढे बहुतेकांनी उचलली: प्राण्याचे नाव, चिलखत किती जाड, किती घाव सोसतो, हल्ला कसा करतो, जवळ खजिना किती. नवा सूत्रधार अशी नोंद वाचतो तेव्हा त्या प्राण्याला मारायचे कसे ते त्याला कळते. त्याला भेटायला का जायचे ते कळत नाही. म्हणून शेकडो नोंदी तशाच पडून राहतात आणि त्याच पाच-दहा प्राण्यांवर डाव चालतात.

तरीही त्या कोशांतले दुर्लक्षित प्राणी कधीकधी अचानक जिवंत झाले, आणि ते कसे झाले हे पाहण्यासारखे आहे. रस्ट मॉन्स्टर हा हाँगकाँगच्या स्वस्त प्लॅस्टिक खेळण्यावरून सुचलेला किडा. तो माणसाला खात नाही, लोखंड खातो. योद्ध्याला जिवाची भीती नसते, तलवारीची असते. त्याच्यासमोर लढायचे की खिशातले खिळे फेकून पळायचे, हा खरा पेच होतो. फ्लम्फ हा हवेत तरंगणारा मऊ प्राणी १९८१ च्या 'फीन्ड फोलिओ'त आला आणि वर्षानुवर्षे चेष्टेचा विषय राहिला. पुढच्या आवृत्त्यांनी त्याला एक स्वभाव दिला: तो इतरांचे मन वाचतो, दुष्ट बेत त्याला असह्य होतात आणि भेटेल त्या भल्या माणसाला तो ते सांगू पाहतो. त्याला काहीतरी हवेसे झाले, आणि तेवढ्याने तो डाव सुरू करण्याच्या कामाचा झाला.

भारतातले पात्र त्या कोशांत नाही असे नाही. १९७७ च्या पुस्तकात राक्षस आहे. पण गायगॅक्सना तो रामायणातून सापडला नाही, 'कोलचॅक' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या एका भागातून सापडला. चित्रकाराने त्याला वाघाचे डोके दिले, तेव्हापासून जगभरच्या टेबलांवर राक्षस म्हणजे वाघतोंड्या असे ठरून गेले. यात रागवण्यासारखे काही नाही. बाहेरच्या माणसाला जे दिसले ते त्याने घेतले. आपल्याकडे जे आहे ते टेबलावर मांडणे हे आपले काम आहे.

आणि आपल्याकडे ते लिहून ठेवलेले आहे. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत यांतली बरीच नावे अर्थासह सापडतात. त्याहून मोठा साठा कोकणातल्या शाळामास्तरांनी जमवला. ए. एम. टी. जॅक्सन या सनदी अधिकाऱ्याने लोकसमजुतींविषयीची प्रश्नावली गावोगावच्या शाळांकडे धाडली होती. ठाणे, कुलाबा, रत्नागिरी जिल्ह्यांतल्या मास्तरांनी आपापल्या गावचे देव, भुते, नवस, उतारे लिहून पाठवले. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकला अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या आणि ते काम अर्धवट राहिले. आर. ई. एन्थोवेन यांनी त्या कागदांवरून कोकणच्या लोकसमजुतींचा खंड १९१५ साली छापला. त्यात भुतांची यादी आहे: वेताळ, समंध, देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा, चेटक, झोटिंग, वीर, चेडा, म्हसोबा, स्त्रियांमध्ये जखीण, लावसट, हडळ. ही यादी आजच्या सूत्रधाराने वाचली तर त्याला दिसेल की मास्तरांनी नकळत हुकांचा कोशच तयार केला आहे. बऱ्याच नोंदींत चार गोष्टी सापडतात: हा कोण होता, मेला तेव्हा त्याचे काय राहिले, तो आता कुठे राहतो, आणि काय दिले की गप्प बसतो. या पुस्तकातला हुकाचा प्रत्येक नमुना मी याच चार प्रश्नांवर बांधला आहे. घाव-चिलखताचे आकडे शेवटी आहेत आणि बऱ्याच नमुन्यांत ते लागणारही नाहीत.

खेळाची भूमी म्हणून मी निर्मळ आणि भोवतालचा पट्टा घेतला. एकतर तो मला ठाऊक आहे. दुसरे म्हणजे मागे राहिलेल्या माणसांच्या गोष्टींसाठी याहून दाट जागा क्वचित मिळेल. शेजारच्या सोपाऱ्यात १८८२ साली संशोधक भगवानलाल इंद्रजींनी स्तूप उघडला. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा तिथेच मिळाला, आणि नवव्याचा १९५६ साली भुईगावात. वसईचा किल्ला १५३४ पासून पोर्तुगिजांकडे होता, तो १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी घेतला. पोर्तुगीज अमदानीत इथली देवळे मोडली, मराठी अमदानीत पुन्हा उभी राहिली. आज निर्मळच्या तळ्याकाठी विमलेश्वराचे देऊळ आहे, शंकराचार्यांची समाधी आहे, जवळच होली क्रॉस चर्च आहे, आणि कार्तिक वद्य एकादशीला भरणाऱ्या जत्रेला सगळ्या धर्मांची माणसे येतात. वाड्यांमधून केळी, पानवेली, विहिरी आणि बावखले. एका दिवसाच्या पायपिटीत पात्रांना दोन हजार वर्षे ओलांडता येतात.

आणि या गावाची मूळ दंतकथाच एका असुराची आहे. परशुरामाने विमल नावाच्या असुराला इथे हरवले, असे सांगतात. त्याचे नाव पुसले गेले नाही. तळ्याला आणि महादेवाला तेच लागले. सूत्रधाराला यात पहिला धडा मिळतो. राक्षस मेला म्हणजे गोष्ट संपली असे नव्हे. हरलेल्याला गावाने कुठे जागा दिली ते विचारायचे. समजा, पात्रे जत्रेच्या आदल्या दिवशी गावात येतात आणि तळ्याचे पाणी गढूळ होऊ लागलेले असते. कुणी म्हणतो असुर उठला. पण असुराला लढाई नको असते. ज्या कराराने त्याने आपले नाव देवाला दिले, त्यातले एक कलम कुणीतरी मोडलेले असते. पात्रांनी ते शोधायचे. हा करार दंतकथेत नाही, तो मी खेळासाठी रचला. नमुन्यांत दंतकथा कुठवर आणि माझी भर कुठून, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे दाखवले आहे.

आता गिऱ्हा. बुडून मेलेल्या किंवा मारून पाण्यात टाकलेल्या माणसाचे हे भूत. रात्री उतारावर तो गुडघाभर पाण्यात उभा दिसतो; वाटसरूला वाटते पाणी तेवढेच आहे, पाय टाकतो आणि बुडतो. पण त्याच्या डोक्याचा केस कुणाच्या हाती लागला तर गिऱ्हा त्या माणसाचा चाकर होतो, म्हणेल ते काम करतो, आणि आपला केस परत मिळवण्यासाठी सतत टपून असतो. या एका समजुतीत किती डाव आहेत पाहा. गावातल्या एका माणसाची वाडी अचानक बहरते, रात्रीतून पाणी शेंदले जाते, माल आपोआप बाजारात पोहोचतो. पात्रांना कुणीतरी बुडालेल्या भावाचा तपास करायला बोलावले आहे. हळूहळू कळते की भाऊच त्या वाडीत राबतो आहे. केस कुठे लपवला आहे? तो परत दिला तर गिऱ्हा कुणावर उलटेल? आणि वाडीच्या मालकाने केस धरण्याआधी आणखी काय केले होते? इथे तलवार काढून काहीच मिळत नाही. बावखले बुजवून इमारती उभ्या राहतात तेव्हा त्या पाण्यातले कुठे जातात, हा प्रश्न ज्यांना आजच्या काळात खेळायचे आहे त्यांच्यासाठी ठेवला आहे. तो नमुना लिहिताना माझा हात सर्वांत जड झाला होता, कारण वसईतली बावखले खरोखर बुजत आहेत.

देवचाराचे मागणे सोपे आणि कडक. तो गावाची राखण करतो. वर्षाला ठरलेला नारळ, कोंबडा, कुठे रोट आणि दारू एवढे त्याला पोहोचले पाहिजे. दक्षिण कोकणात आणि गोव्यात ही राखणदाराची कल्पना आजही घट्ट आहे. गोव्यातल्या आमोण्यासारख्या गावांत वेताळ हा भुतांचा राजा न राहता गावाचा देव होतो. रात्री तो गावाची फेरी घालतो अशी श्रद्धा आहे, म्हणून त्याला चामड्याच्या वहाणा वाहतात. या एका रूढीवरून मी एक अख्खा डाव बांधला: एका सकाळी वहाणा देवळाबाहेर सापडतात, एका रात्रीत टाचा झिजलेल्या, आणि तळव्यांना लागलेली माती या गावची नाही. राखणदार हद्दीबाहेर का गेला? त्याला कुणी बोलावले? तोवर गावाची राखण कोण करतो आहे? वेताळ आपल्याकडे पंचविशीमुळे कोडी घालणारा म्हणून ओळखीचा आहे. इथे कोडे त्याने मागे ठेवलेल्या वहाणांत आहे.

चकव्याला चेहराच नाही. तो माणसाला एकाच जागी फिरवत ठेवतो. ओळखीची वाट, ओळखीचे झाड, पुन्हा तेच झाड. जुनी माणसे सांगत, चकवा लागला तर असाल तिथे बसा, उजाडू द्या. खेळात हे सोने आहे, कारण खेळाडूला बसून राहणे सर्वांत कठीण जाते. चकव्याच्या नमुन्यात मी पात्रांना रात्रभर एकाच बांधावर बसवले आहे आणि प्रत्येक प्रहराला एक पात्र आपली एक गोष्ट बाकीच्यांना सांगते. काही खेळाडूंना आपल्या पात्राचे बालपण पहिल्यांदा त्या रात्री सापडते.

साती आसरांना मी भुतांमध्ये मोजत नाही. विहिरीकाठचे शेंदूर लावलेले सात दगड ही देवता आहे, आणि हिरव्या बांगड्या, खण, हळदकुंकू हे त्यांचे मानपान आहे. त्यांचा नमुना वेगळ्या विभागात आहे. त्यातली सगळी सूत्रे गावातल्या बायकांच्या हाती आहेत. पात्रांना त्यांच्याकडूनच काही शिकून पुढे जाता येते.

मुंज्याला इथे थोडकीच जागा आहे. मुंज झाली आणि लग्नाआधी मेला असा मुलगा, पिंपळावर किंवा विहिरीपाशी राहणारा. २०२४ च्या 'मुंज्या' चित्रपटाने त्याला देशभर नेले. कोकणातले एक भूत, त्याचे राहिलेले लग्न, आणि त्यावर चाललेला चित्रपट. मागण्याभोवती गोष्ट उभी राहते याचा यापेक्षा मोठा दाखला मला नको.

आता एक गोष्ट जी टाळून हे पुस्तक प्रामाणिक राहिले नसते. मास्तरांच्या त्या यादीत मेलेल्यांचीही जात मोजलेली आहे. ब्राह्मणाचे भूत वेगळे, कुणब्याचे वेगळे, महाराचे वेगळे, मुसलमानाचे वेगळे. आणि जो समाजात जितका खाली लोटलेला, तितके त्याचे भूत क्रूर ठरवलेले. बायकांचेही तसेच. सवाष्ण मेली तर जखीण, विधवा मेली तर लावसट, बाळंतपणात गेली तर हडळ, जी समोरून सुंदर आणि पाठीमागून हाडांचा सापळा. जिला घराने बाळंतपणात वाचवले नाही तिच्याच पाठीला हाडे चिकटवून तिला भीतीदायक केले. ही वर्गवारी जशीच्या तशी टेबलावर आणली तर आपण जुना अन्याय फाशांनी पुन्हा खेळतो. म्हणून या पुस्तकात खवीस किंवा झोटिंग यांची ओळख जातीवरून किंवा धर्मावरून केलेली नाही. त्यांच्यावर काय ओढवले आणि गावाने ते का झाकले, यावरून केली आहे. हडळीच्या नमुन्यात पात्रांना शेवटी कळते की गावाला भीती तिची नसून तिने काय पाहिले याची आहे.

चेटकीण आणि भुताळी यांना मी मुद्दाम वगळले. महाराष्ट्रात जिवंत बायकांना ही नावे लावून मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढले गेले आहे, जीव घेतले गेले आहेत. २० ऑगस्ट २०१३ रोजी अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षी राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. ज्या शब्दाने आजही माणूस मरू शकतो तो शब्द आपल्या खेळात राक्षसाला लावायचा नाही. ज्यांना या विषयावर डाव करायचाच असेल त्यांनी आरोप झालेल्या बाईच्या बाजूने उभे राहणारी पात्रे घ्यावीत आणि राक्षस म्हणून आरोप करणारा जमाव घ्यावा. भुतांवर विश्वास ठेवणे आणि भुताची गोष्ट सांगणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याचे समर्थन या पुस्तकात कुठेही नाही. दुसऱ्यावर माझे मनापासून प्रेम आहे.

प्रत्यक्ष खेळायला बसताना तीन गोष्टी पाळाव्यात. पहिली, डाव सुरू होण्याआधी सगळ्यांनी बोलून घ्यावे: कुणाच्या घरी अलीकडे मृत्यू झाला आहे का, बुडण्याचा प्रसंग कुणाला सोसणार नाही का, बाळंतपणातला मृत्यू टाळायचा का. टेबलावर एक्स कार्ड ठेवावे. कुणीही त्यावर बोट ठेवले की सूत्रधाराने तो प्रसंग तिथेच सोडून द्यावा, कारण विचारू नये. दुसरी, देवस्थानांचा आणि प्रार्थनास्थळांचा मान राखावा. खऱ्या देवळाची, चर्चची, दर्ग्याची जागा डावात आली तर ती आश्रयस्थान म्हणून यावी, तिची विटंबना होऊ देऊ नये. वसईत हे सगळे एकमेकांच्या शेजारी नांदते, आणि टेबलाभोवतीही बहुधा तशीच माणसे बसलेली असतील. तिसरी, भूत शांत होण्याचा मार्ग एकच ठेवू नये. खेळाडू तुमच्यापेक्षा चांगला मार्ग काढतील. तो काढू द्यावा आणि भुताने तो मान्य करावा.

शेवटी एक विनंती. हे नमुने संपले की थांबू नका. तुमच्या गावाचे, आजोळचे, बदलीच्या गावाचे जे काही असेल ते शोधा. जी माणसे अजून सांगू शकतात त्यांच्याकडे वही घेऊन जा आणि तेच चार प्रश्न विचारा: तो कोण होता, त्याचे काय राहिले, तो कुठे राहतो, काय दिले की गप्प बसतो. शंभर वर्षांपूर्वी कोकणातल्या मास्तरांनी साहेबाच्या प्रश्नावलीला उत्तरे दिली. आता प्रश्नही आपले असतील आणि उत्तरांचा उपयोगही आपणच ठरवू. तुम्ही लिहून आणलेल्या चार ओळींतून पुढच्या शनिवारी कुणाचा तरी डाव सुरू होईल, आणि एका विसरलेल्या माणसाचे म्हणणे टेबलाभोवतीचे पाच जण मन लावून ऐकतील. माझ्या मते या खेळाचे याहून चांगले काम दुसरे नाही.

निर्मळ, ता. वसई